सुनेची साडेसातची पंगत

आमच्या घरात रात्रीचं जेवण साडेसातला होतं आणि त्या जेवणावर माझा राग आहे. राग कसला, सरळ सांगायचं तर पोटदुखी. मला माझ्या सुनेचा हेवा वाटतो. साठी उलटलेल्या बाईला हे सांगताना लाज वाटायला हवी, पण फारशी वाटत नाही.

सुरुवात यांच्या साखरेपासून झाली. हे कंपनीत जन्मभर तिन्ही पाळ्यांत राबले, निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलीय, रात्री उशिरा भात खाणं बंद. सून अलिबागला नोकरी करते, सहाला घरी किहीमला पोचते. तिने त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांचंच जेवण बदललं. भात अर्धी वाटी. तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची. आधी पांढरा कांदा आणि काकडी संपवायची, मग भाजी, मग बाकीचं. तळलेली मांदेली फक्त रविवारी. आणि मोबाईल फ्रिजवर ठेवून सगळ्यांनी एकत्र बसायचं. "एकट्या बाबांनाच पथ्य दिलं तर त्यांना शिक्षा वाटेल, आई," ती म्हणाली. यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

अडतीस वर्षं या घरात मी जेवण वाढत आलेय. आधी सासरे आणि हे, मग मुलगा, सगळ्यात शेवटी मी, ओट्यापाशी पाटावर. त्याचं मला दुःख नव्हतं, उलट तोरा होता. यांनी तोंडाने कधी काही मागितलं नाही. ताटावरून मान वर केली की यांना काय हवंय ते मी ओळखायचे. शेजारणी नवऱ्यांच्या तक्रारी सांगायच्या तेव्हा मी म्हणायचे, आमच्याकडे मागावंच लागत नाही. सुनेने सगळी पातेली मधोमध मांडली आणि म्हणाली, "आई, तुम्हीपण बसा. ज्याला लागेल तो घेईल." मी बसले, पण हातांचं काय करायचं ते मला कळेना. पहिल्या दिवशी मी तीनदा उठले, तिन्ही वेळा तिने मला हात धरून बसवलं.

तेही मी सोसलं असतं. पण मग तिने नियम काढला की जेवताना प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. नातीने शाळेतली भांडणं सांगितली. मुलाने काहीतरी सांगितलं आणि जांभई दिली. मग सून यांच्याकडे वळली, "बाबा, आज काय?"

मी मनात हसले. म्हटलं, बाई, आता कळेल तुला. आमचे हे म्हणजे पक्के घुमे. माझ्याशी अडतीस वर्षांत जे बोलले ते एका वहीत मावेल, आणि त्यातलं निम्मं 'बरं' आणि 'हूं' असेल.

यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि बोलायला लागले. लग्नाआधी हे काही महिने आगरदांड्याला लाँचवर तिकिटं फाडायचे, हे मला ठाऊक होतं. पण एकदा दिघीला निघालेलं वऱ्हाड लाँचमध्ये चढलं आणि नवरदेवच धक्क्यावर राहिला, हे मला ठाऊक नव्हतं. तो चहा पीत बसला होता. यांनी लाँच परत फिरवायला लावली आणि लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या शिव्या खाल्ल्या. नात हसून हसून लोळली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे कधी सांगितलं नाहीत!" सुनेचा चेहरा तर असा फुलला होता की जणू तिनेच यांना बोलायला शिकवलं. दुधीची भाजी गोड होती, मला कडू लागली.

मग रोज असंच सुरू झालं. सकाळपासून हे आठवून ठेवायचे आणि साडेसातला तिच्यासमोर उघडायचे. साखर उतरली, तिचं कौतुक झालं. हे आपणहून भाजी घ्यायला लागले, तिचं कौतुक झालं. मी कधी दोडका केला तर हे शेतातल्या बुजगावण्यासारखे बसायचे, आणि तिने केला की 'छान झालाय'! माझा नुसता तिळपापड व्हायचा. बाजारात एक बाई म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही, अशी सून मिळाली." मी हो म्हटलं आणि माठाच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडले.

एका शुक्रवारी मुलाचा वाढदिवस होता. जेवताना मी नेहमीसारखा टोमणा मारला, "हा झाला तेव्हा मी दवाखान्यात एकटी आणि याचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी उगवले!" दरवर्षी मारते. दरवर्षी हे गप्प बसतात. पण या वेळी सुनेने विचारलं, "का हो बाबा? कुठे होतात?"

हे म्हणाले, "त्या दिवशी गाड्या बंद होत्या. पाळी सुटल्यावर निरोप कळला. कंपनीतनं अलिबागला चालत गेलो. पोचलो तवा दवाखान्याचं दार बंद. रातभर पायरीवर बसलो. पाय सुजले होते, चपला हातात घेऊन आत गेलो."

मला सकाळी आत आलेले हे आठवले. पायांकडे मी पाहिलंच नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"हे मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. नात दचकली.

"कवा सांगणार? तू बसायचीस कुठं? मी बोलाया म्हणून मान वर केली की तू आमटी ओतायचीस."

सगळे हसले. हेही हसले. मी नाही हसले. अडतीस वर्षं हा माणूस मान वर करत होता आणि मी वाढत होते. आणि आता तो जे बोलतो ते माझ्या सुनेकडे बघून बोलतो, कारण तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी दोन ताटं वाढली आणि यांच्यासमोर बसले. हे ताटांकडे पाहत राहिले.

"तूपण आत्ताच?"

"हो. बोला."

"असं बोला म्हटल्यावर काय बोलणार? रातच्याला सांगीन की सगळ्यांना."

"सगळ्यांना नको. मला सांगा."

वालाचं बिरडं संपत आलं. मग यांनी एक गोष्ट सांगितली. काय सांगितलं ते मी इथेही लिहिणार नाही.

रात्री साडेसातला सुनेने विचारलं, "बाबा, आज काय?"

हे म्हणाले, "आज न्हाय काय."

तिचा घास हातातच राहिला. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरा हाय की."

तिने काळजीने माझ्याकडे पाहिलं. बिचारीला खरंच काळजी वाटत होती. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी तिला सांगणार नव्हते.