बोरीच्या काट्यांनी बंद केलेली वाट

कल्याणच्या कचेरीतले एक कारकून दर रविवारी मला कळव्याच्या डोंगरवाटेवर भेटत. वाट सुरू झाली की चपला काढून काखेत धरायच्या, हा त्यांचा नेम. "चपलेला वाट कळत नाही हो," म्हणायचे. आडवी आलेली फांदी कधी मोडत नसत, वाकून जात. आम्हां चार-पाच जणांना त्या वाटेचं वेड त्यांनीच लावलं. मग आमच्या ओळखीचे आले, त्यांच्या ओळखीचे आले, झाडांखाली चुली पेटू लागल्या.

एका रविवारी गेलो आणि हबकलोच. शेताचं तोंड बंद करतात तशा बोरीच्या फांद्या रचून कुणी वाट अडवत होतं. पाहतो तर हेच! हात रक्ताळलेले.

"अहो, वाट काय तुमच्या बापाची?" मी ओरडलो.

"करवंदीच्या जाळ्या गेल्या. गवतसुद्धा उगवत नाही आता."

"म्हणजे आम्ही यायचं नाही, तुम्ही एकट्याने फिरायचं?"

"मी? सगळ्यांत जास्त पावलं माझीच पडलीत तिथे."

काखेतल्या चपला त्यांनी खाली टाकल्या, पायांत सरकवल्या आणि मागे न बघता स्टेशनकडे चालू लागले.