सोडियमची बरणी

मुलं तिला मावशी म्हणत. एकोणीस वर्षं तिने कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, सोडियमची बरणी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. मग एके दिवशी विभागप्रमुखांनी ओल्या हाताने ओलाच चिमटा त्या बरणीत घातला. भडका उडाला, खिडकीचा पडदा जळाला. चौकशीत साहेबांनी बेधडक लिहून दिलं, 'मावशीने रॉकेलऐवजी पाणी भरलं. तिला यातलं काही कळत नाही.' तिची रवानगी कॉलेजच्या फाटकावर पहाऱ्याला झाली.

पाणी म्हणे! सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन मोकळं व्हायची त्याला कोण घाई. क्लोरिनला नेमका एक कमी. त्यांची जोडी जमली की झालं मीठ, मग दोघंही गार. पाण्याशी गाठ पडली तर मात्र आग, म्हणून तर त्याला रॉकेलात बुडवून ठेवायचं. हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

संध्याकाळी किल्ल्या ठेवायला ती वर प्रयोगशाळेत जाई. कपाटाच्या काचेतून नवी बरणी दिसे. झाकण सैल, रॉकेल उडत चाललेलं, तुकडे उघडे पडून पांढरे होत चाललेले. कुणाला तरी सांगणं तिचं काम होतं. ती बोलली नाही. तीन महिने तिने दातओठ खात वाट पाहिली.

तपासणीला समिती आली. पाहुण्यांना वर घेऊन मावशीच गेली आणि दारातच थांबली. प्रयोग दाखवायला साहेबांनी ऐटीत पाण्यात सोडियमचा तुकडा टाकला. तो तळाशी जाऊन ढिम्म बसला. दुसराही तसाच. तुकडा खरवडून घ्यावा लागतो हे साहेबांना ठाऊकच नव्हतं. आजवर ते मावशी करायची.

"सर, ह्यांनी आपला इलेक्ट्रॉन कधीच हवेला देऊन टाकलाय," मावशी पुढे होत म्हणाली. "आता कशाला तडफडतील?"

सगळ्यांत मोठा गोळा तिने सुरीने कापला. आत चकचकीत चांदी. तांदळाएवढा कण टिपकागदावर कोरडा करून तिने पाण्यात सोडला. तो फुसफुसत गरागरा पळाला.

समितीच्या बाईंनी त्या आगीच्या चौकशीची फाईल उघडली. "यांना काही कळत नाही, असं लिहिलंय कुणी?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीला इतकं गोड कधीच वाटलं नव्हतं. तिने बरणीत रॉकेल भरलं. साहेब घाईघाईने झाकण लावायला आले, तशी तिने बरणी मागे ओढली.

"थांबा सर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "या खेपेला आधी हात पुसा."