थांबाकाकांचा देवमासा

“थांबाऽऽ! फीत कापू नका! मी अजून आलो नाय!”

मंत्र्यांची कात्री फितीवर उघडी ती उघडीच राहिली. स्वागतगीताला उभ्या आम्हा कॉलेजच्या मुलींचा वरचा ‘सा’ घशात अडकला. सारिकाचा तर अजून सुटलेला नाही. लांबून एक स्कूटर आली, इतकी हळू की वाटेत एक कुत्रं तिला मागे टाकून गेलं. काका उतरले, चष्मा पुसला, पहिल्या रांगेत बसले आणि हात हलवून म्हणाले, “हां, आता कापा.”

सगळं रत्नागिरी त्यांना थांबाकाका म्हणायचं. एका छोट्या दैनिकाचे ते वार्ताहर. डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि त्यापायी अख्ख्या जिल्ह्यानं त्यांची वाट बघावी, ही माफक अपेक्षा. त्यांच्यासाठी दापोलीची एसटी थांबे, मंगलाष्टकं थांबत. एकदा भरतीसुद्धा थांबली होती. मी हे सांगते तेव्हा लोक हसतात. हसोत.

मी पत्रकार व्हायचं ठरवलं ते त्या कात्रीपाशीच. बाकीचे समाजसेवा वगैरे सांगतात; मला मंत्री थांबवायचे होते. काकांच्या हाताखाली शिकायला गेले तेव्हा तसं सांगूनही टाकलं. काका खूश. “बरं झालं बाय, खरं बोललीस. समाजसेवावाले पावसाळ्याआधीच पळतात.”

“तुम्ही का झालात?”

“देवमाशामुळे.”

काका लहान असताना भाट्याच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला. सगळे धावले. काका गोवराने अंथरुणात, वर आईनं दाराला कडी घातलेली. “दादानं सांगितलंन, होडीएवढा. शेजाऱ्यानं सांगितलंन, देवळाएवढा. आत्या म्हणे, डोळा उघडा होता नि माझ्याकडे बघून रडत होता! एकाचं एकाशी जुळेना गो. तेव्हाच ठरवलं, या लोकांच्या भरवशावर राहायचं नाय.”

माझ्या पहिल्या बातमीत ‘अफाट जनसागर’ होता. काकांनी विचारलं, “तू कुठे उभी होतीस?”

“मागे.”

“मग तुला पाठी दिसल्या. पाठी लिही.”

काका गेले. आता उद्घाटनं वेळेवर होतात, मजा नाही. त्यांची शेवटची बातमी मात्र आम्ही दोघांनी मिळून केली. पाय मोडून ते घरात पडलेले, आणि भाट्याला पुन्हा देवमासा लागला! पुन्हा मासा किनाऱ्यावर आणि काका अंथरुणात, हे माझ्याने बघवेना. आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो अडवला. पेट्यांमध्ये खुर्ची, खुर्चीत काका, प्लास्टरचा पाय तोफेसारखा पुढे. पोचतो तर मासा खड्ड्यात ढकललेला आणि जेसीबीनं वाळू उचललेली.

“थांबाऽऽ! वाळू टाकू नका! मी अजून आलो नाय!”

जेसीबी थांबला. वारा थांबला, लाटा थांबल्या; शपथ घेते. चौघांनी खुर्ची उचलून खड्ड्याच्या काठावर ठेवली. पहिली रांग! काकांनी चष्मा पुसला आणि शेपटीपासून तोंडापर्यंत सावकाश बघितलं. पुन्हा तोंडापासून शेपटीपर्यंत. मग हात हलवला. “हां, आता टाका.”

परतताना माझ्या डोक्यात मथळा तयार होता: आयुष्यभराची प्रतीक्षा फळाला. मी गहिवरून विचारलं, “काका, काय लिहू?”

“डोळा मिटलेला होता,” काका म्हणाले. “आणि वास येत होता.”