सुमीच्या वाफ्यातल्या छत्र्या

ओल्या सुताच्या करड्या ढिगातून वर आलेल्या त्या पांढऱ्या भुईछत्र्या मला आजही दिसतात — अंगठ्याएवढ्या, मिटलेल्या, टोपीवर बारीक खवले, आणि भोवती सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास... श्रावण सरत आला होता. सोलापुरातल्या आमच्या घरामागं, मोरीचं पाणी जिथं वळवलं होतं तिथं, अप्पांनी आम्हा भावंडांना एकेक वाफा आखून दिला होता. मी झेंडू लावला, आळी केली, रोज तण उपटलं. माझ्या धाकट्या बहिणीनं, सुमीनं, शेजारच्या मागावरचा सुताचा कचरा पोतंभर आणून आपल्या वाफ्यात ओतला. मांजरीला गादी म्हणून. छत्र्या उगवल्या त्या तिच्याकडं.

अप्पा मितभाषी. आमच्या डोक्यावरून त्यांचा हात क्वचितच फिरे. त्या सकाळी कामावर निघता निघता सायकल भिंतीला टेकवून ते सुमीशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "न लावता उगवलं की गं. हाताला गुण आहे बघ तुझ्या." हात तिच्या डोक्यावर होता. मी झेंडूला पाणी घालत उभा होतो. माझ्या कळ्यांकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"अप्पा, ही बघा, ही मोठी," म्हणत सुमीनं बोट पुढं केलं, तशी आई मोरीतून म्हणाली, "सरळ बोट दाखवू नको गं, कुजतंय ते. वाकडं करून दाखव की." सुमीनं घाईनं बोट दुमडलं. कोवळ्या काकडीला, दोडक्याला आमच्याकडं हाच नेम होता.

अप्पा कामावर आणि बाकी सगळे आत गेल्यावर मी एकेका छत्रीसमोर तर्जनी ताठ धरली. एकही सोडली नाही.

दुपारी शाळेतून आलो तर टोप्या कडेपासून काळ्या पडून शाईसारख्या ठिबकत होत्या. सुमी ढिगाशेजारी बसून रडत होती. "माझंच बोट आधी सरळ झालं होतं, दादा."

"मग? आई सांगत होती की," मी म्हणालो.

संध्याकाळी अप्पांनाही तिनंच ते सांगितलं. ते हसले, आणि पुन्हा तिच्याच डोक्यावर हात ठेवला.

छत्र्यांची ती जात दुपारपर्यंतच टिकते, हे मी फार पुढं वाचलं. वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं... पण बोट मी दाखवलं होतं, आणि कुजावं म्हणूनच दाखवलं होतं.

आता अप्पा नाहीत, आई नाही. परस थोडं उरलं आहे. सुमी बार्शीला असते. परवा त्याच कोपऱ्यात, सुताचा मागमूस नसताना, चार-पाच छत्र्या वर आल्या. मी तिला व्हिडिओ कॉल लावला.

"माझ्याच वाफ्यात ना?" तिनं पहिलं हेच विचारलं. केस पिकले तरी माझी नजर आधी माझ्या झेंडूच्या जागेकडं गेली.

"तुझ्याच."

"मग जवळून दाखव की."

मी मोबाईल खाली धरला, दुसरा हात पुढं नेला.

"दादा, बोट," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

त्या दिवशीचं सांगावं असं ओठांवर आलं होतं... मी तर्जनी दुमडली, आणि एकेक छत्री तिला दाखवत राहिलो.