पॅनेलच्या काचेवरची दोन बोटं

भुताखेतांच्या गोष्टी आमच्या खाडीकडे पोत्याने मिळतात. मी त्यातली एकही कधी घरात घेतली नाही. शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं — ज्याचं रीडिंग येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. तेव्हा हे वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. मीही हसले असते...

आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या अंगाला. बाबा मिठागरात वाढलेले. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी मिठाला आलंय का, हे ते दोन बोटं बुडवून अंगठ्यावर चोळून सांगायचे. खाडीचं पाणी आत घेतात त्या उघाडीच्या फळीखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर गेलं होतं. पण अंदाज कधी चुकला नाही.

मिठागर बंद पडलं तसे बाबा रोह्याच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत कंत्राटावर लागले. काम सांडपाण्याचं. ॲसिडचं आंबट पाणी बाहेर सोडण्याआधी त्यात कास्टिक सोडा घालून ते माणसात आणायचं. बाबा हाताने व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पाण्यात बोटं बुडवून चोळायचे. बुळबुळीत लागलं की कास्टिक जास्त. मग तीच बोटं समोरच्या भिंतीवर पुसायची. वाळलं की पांढरे पट्टे उठायचे — एक लांब, एक आखूड. सगळी भिंत त्यांनी तशी रंगवून ठेवली होती. सुपरवायझर ओरडून ओरडून थकला.

पुढे मी ऑटोमॅटिक डोसिंगची पॅनेलं बसवणाऱ्या कंपनीत लागले, रोह्याला लागून वरसे गावात खोली घेतली. आणि नेमकी बाबांच्याच कंपनीची ऑर्डर आमच्याकडे आली. पाण्यात एक प्रोब, तो मीटरला पीएच सांगणार, मीटर पंपाला सांगणार, पंप थोडं थोडं कास्टिक सोडणार... टक्, टक्, टक्. माणसाची गरज नाही. चालू केलं त्या दिवशी मी बाबांना मुद्दाम समोर उभं केलं. छाती अशी फुगली होती माझी!

बाबांनी सवयीने पाण्यात बोटं घातली, चोळली, स्क्रीनकडे पाहिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पन गो, ह्यो चुकला तं सांगल कोनाला?"

मी हसले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "बाबा, हा चुकत नाय. आणि ते हात घालायचं आता सोडा."

सोडलं त्यांनी. पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. ते गावी गेले, आणि पोरीने कंपनीत मशीन बसवलं म्हणून आळीभर कौतुक सांगत फिरले. मला एकच विचारायचं होतं — बाबा, राग आला होता का? दर रविवारी हा प्रश्न घेऊन मी एसटीने पेणला जायचे, कालवण-भात जेवायचे आणि प्रश्न तसाच परत आणायचे. दोन वर्षांनी बाबा झोपेतच गेले.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी, थंडीचे दिवस, दुपारचा एक. सर्व्हिससाठी मी त्याच पॅनेलसमोर लॅपटॉप घेऊन बसले होते. ऑपरेटर दिलीप कॅन्टीनला गेलेला. स्क्रीनवर सहा पॉइंट आठ, हिरवा दिवा, सगळं ठीकठाक. मी पिशवीतून फाइल काढायला वाकले, आणि वर पाहिलं तर पॅनेलच्या काचेवर दोन ओले पट्टे. एक लांब... एक आखूड.

पाणी खाली ओघळत होतं, म्हणजे आत्ताचंच. मी बोट लावून चोळलं. बुळबुळीत! तशीच उठून बाहेर जाणाऱ्या पाण्याला पीएच पेपर लावला, तो गडद निळा झाला. प्रोब काढून बघते तर त्यावर चिकट साय. त्या सायीमुळे मीटर सहा पॉइंट आठवर अडकलेला आणि पंप बिचारा सात गाठायला कास्टिक ओततच होता. मी धावत जाऊन बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला. आणखी अर्धा तास गेला असता तर ते पाणी कुठवर पोचलं असतं, विचार करवत नाही.

दिलीप आला. काच बघून म्हणाला, "मॅडम, कोन आल्ता काय?"

कोणी आलं नव्हतं. पट्टे दिसले तेव्हा माझे हात कोरडे होते. पाण्याची टाकी पॅनेलपासून दहा पावलं लांब, शिंतोडे उडणं शक्य नाही. आणि शिंतोड्यांना बोटं नसतात.

संध्याकाळी आईला फोन करून पट्ट्यांचं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "तुझा बापूस कवा घरात बसून ऱ्हायलाय?" मग तिनेच विचारलं, "दुपारचा आल्ता म्हंतेस... जेवला काय, इचारलंस?"

नाही गं आई. काहीच विचारलं नाही. मी व्हॉल्व्हकडे धावले.

तेव्हापासून प्रोब मी दर पंधरा दिवसांनी स्वतः धुते. तिथलं रीडिंग आता काटेकोर असतं, आणि काच स्वच्छ. बरोबरच आहे, काही चुकतच नाही तर ते कशाला येतील? एकदा मी मुद्दाम प्रोब न धुता, एकच्या सुमाराला, काचेसमोर नुसती बसून राहिले. पंप टकटकत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी बिघडवून बापाला बोलवायचं... लाज वाटली. उठले, प्रोब धुतला, जागेवर लावला. निघताना मात्र पाण्यात दोन बोटं बुडवली, चोळली. बरोबर होतं. ती बोटं मी काचेवर पुसली.

ते पट्टे कोणाचे, कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. मला एवढंच कळतं — मशीन चुकलं, तेव्हा सांगायला बाबा आले. त्या दिवशी हसताना मी चुकले, ते सांगायला मी कुठे जाऊ?