तोफेचा साडू

पंपावरच्या त्या माणसाला सगळे ‘तोफ’ म्हणत. तेलविहिरीत लोखंडी पाइप उतरवला की पाइप आणि जमीन यांच्यातल्या फटीत पंपानं सिमेंट भरायचं, हे त्याच्या टोळीचं काम. पंपाच्या धडधडाटातही ऐकू जाईल असा आवाज त्याचाच. दाबाखालच्या नळीजवळ कुणी फिरकलं की तोफ डागलीच.

त्याच्याच शब्दावर साडू टोळीत लागला होता. माणूस कष्टाळू, पण उतावळा.

त्या दुपारी सिमेंट निम्मं आत गेलं आणि नळीचा एक सांधा गळू लागला. फार वेळ थांबलं तर सिमेंट मध्येच घट्ट होणार, सगळं मुसळ केरात. साडूनं हातोडा उचलला आणि सांधा ठोकायला धावला.

“अरे, दाब आहे आत! मागं हो!”

तोफेनं पंप बंद केला, पण नळीत दाब कोंडलेला होताच. साडू ऐकेना, तेव्हा तो स्वतः पळाला. कॉलर धरून त्याला मागं खेचलं, तेवढ्यात सांधा निसटला. उसळलेली नळी दोघांना चाटून गेली, पण सिमेंटची चिळकांडी तोफेच्या डोळ्यांत बसली. वाफ धरते म्हणून त्यानं सुरक्षेचा चष्मा कपाळावर सारला होता.

साडूनं त्याला फरफटत नळाखाली नेलं.

“डोळे उघड!”

“आग होतेय रे!”

“होऊ दे! उघड म्हणतो ना!”

एरवी ‘अहो साडूभाऊ’शिवाय न बोलणारा माणूस अरेतुरेवर आला होता. बोटांनी पापण्या फाकवून पाणी सोडत होता आणि ढसाढसा रडत होता.

पाण्यानंच डोळे वाचले, असं डॉक्टर म्हणाले. उजवा मात्र कायमचा धूसर झाला. “जगावर ओरडता, आणि स्वतःचा चष्मा कपाळाला?” बायको कडाडली आणि तोंड फिरवून रडली.

साडूनं लाजेनं काम सोडलं. भेटायलाही येईना. शेवटी तोफच त्याच्या दारात उभा राहिला.

“पंप आता दुसऱ्याकडे दिलाय. मी नळीवर लक्ष ठेवायचं आणि धोका दिसला की काम थांबवायचं. तू उद्या ये.”

“कुठल्या तोंडानं येऊ?”

“आहे त्याच तोंडानं ये. तू नळाखाली धरलं नसतंस तर मला हे घरही सापडलं नसतं.”

आतून साडूच्या बायकोचा हुंदका ऐकू आला, मग कपबशांचा आवाज.

सकाळी दोघं एकाच मोटरसायकलवर निघाले. चालवत साडू होता, आणि मागून तोफ गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडत होता, “हळू!”