अडीच किलोची लेकरं

आमच्या आरोग्य कार्यालयात संख्याशास्त्र शिकलेली मी एकटीच. त्यामुळे प्रिंटर अडकला की मी, हजेरीपटाची बेरीज चुकली की मी, आणि साहेबांना नवा शब्द सापडला की तोही माझ्याच टेबलावर. त्या वर्षी ते तीन दिवसांच्या प्रशिक्षणाहून ‘सिग्निफिकंट’ घेऊन आले. चहात साखर सिग्निफिकंट, शिपायाचा उशीर सिग्निफिकंट. चौथ्या दिवशी मला हुकूम सुटला: एक मोठं गाव घ्या, एक तांडा घ्या, दोन्हीकडच्या नवजात लेकरांच्या वजनाची सरासरी काढा आणि फरक सिग्निफिकंट आहे का ते सांगा.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. एम.एस्सी. करून आल्यापासून मी नुसते तक्ते भरत होते. दोन्ही उपकेंद्रांचे वर्षभराचे आकडे घातले आणि टी-टेस्ट लावली. ही चाचणी एवढंच विचारते की दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगानं पडला असेल का. ते ठरवताना प्रत्येक गटातले आकडे आपसात किती पांगलेत, तेही ती बघते; जितके कमी पांगलेले, तितकी ती ठाम. उत्तर आलं: तांड्यावरची लेकरं हलकी, आणि हा योगायोग नाही, म्हणजे फरक सिग्निफिकंट. मी ते ठळक अक्षरांत छापून दिलं.

मला वाटलं, आता तांड्यावरच्या गरोदर बायांना जास्तीचा आहार मिळेल. साहेबांनी तांड्याच्या सिस्टरला नोटीस काढली. आपल्या उपकेंद्राची सरासरी कमी का, याचा लेखी खुलासा करावा, अन्यथा करार वाढवला जाणार नाही. जशी काही ती लेकरं सिस्टरनंच नऊ महिने पोटात उपाशी ठेवली होती.

सिस्टर कंत्राटी, घरात कमावती एकटीच, आणि करार त्याच महिन्यात संपत होता. ती खुलासा घेऊन आली नाही. रजिस्टर आणि झोळीचा काटा घेऊन आली, आणि काटा माझ्या टेबलावर ठेवला.

“म्याडम, काटा बराबर हाय, तुमीच बघा. लेकरू जेवढं भरलं तेवढं मी लिहिलं. दुसरं काय लिहू?”

तेव्हा कुठं मी दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी उघडली. तिचं: दोन किलो एकशेऐंशी, दोन चारशेदहा, दोन सातशेतीस, दोन तीनशेवीस. गावाचं: अडीच. अडीच. अडीच. चुकून कुठं दोन सहाशे, की परत अडीच. वर्षभराची लेकरं साबणाच्या वड्यांसारखी एका मापाची. मी गावच्या सिस्टरला फोन लावला. ती हसली.

“काटा तर कवाच मोडला, म्याडम. लेकरू हातावर घेतलं की समजते ना. अन् अडीचच्या खाली लिहिलं की ते कमी वजनाच्या यादीत जाते. मंग फॉर्म भरा, घरी चकरा मारा. कोन करून राहिलं एवढं?”

म्हणजे एक गट तोललेला आणि दुसरा मनानं लिहिलेला. त्यात गंमत अशी की गावचे आकडे पांगलेच नव्हते, म्हणून माझी चाचणी जास्तच छातीठोकपणे बोलली होती. पांगलेपणाचा तो आकडा, जवळजवळ शून्य, माझ्याच कागदावर छापलेला होता. पहिल्या वर्षाच्या पोरीनं तो बघितला असता. मी शेखी मिरवण्यात गुंग होते.

साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं डोकं अशा वेळी फार वेगानं चालतं.

“मंग सोपं हाय की. तांड्याच्या सिस्टरला बी अडीच लिहायला सांगा. फरक मिटला.”

“सर, पण लेकरू अडीच किलोचं नाही ना.”

“लेकरू बघायला वरून कोन येते? अहवाल बघतेत.”

गावच्या काट्याचं विचारलं तर म्हणाले, मागणी टाका. मी टाकली. ती अजून कुठल्या तरी टेबलावर विश्रांती घेत असेल.

सिस्टर व्हरांड्यात उभी होती. तिनं माझ्या तोंडावरूनच ओळखलं. आवाज खाली आणून म्हणाली, “म्याडम, किती लिहू म्हंजी बराबर येईन?”

खरं तेच लिहा, असं मी म्हणायला पाहिजे होतं. पण करार तिचा जाणार होता, माझा नाही, आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन खरं बोलायला मला जड गेलं. मी तिला हिशोब सांगितला. सगळीकडं अडीच लिहू नका, डोळ्यावर येतं. मधूनमधून दोन सहाशे, एखादं दोन नऊशे टाका, अडीचच्या खाली कुणी नको. कागदाच्या चिटोऱ्यावर नमुना पण करून दिला. माझ्या पदवीचा एवढा नेमका उपयोग आजवर दुसरा झालेला नाही. तिनं तो चिटोरा घडी घालून रजिस्टरात ठेवला आणि माझे आभार मानले.

तिचा करार वाढला. पुढच्या वर्षी चाचणी लावली तर दोन गटांत काही फरक उरला नव्हता. साहेबांना शाल आणि नारळ मिळाला. फोटोत एका कडेला मी पण आहे, हसतेय.

त्यानंतर एकदा पडताळणीसाठी मी सिस्टरबरोबर तांड्यावर गेले. पडताळणी म्हणजे रजिस्टरवर सही. एक बाई लेकरू घेऊन दारातच बसली होती. तिनं ते माझ्या हातात दिलं. मला काट्याची गरज पडली नाही. झबल्यात लेकरू कमी आणि झबलंच जास्त होतं. रजिस्टरात ते दोन सहाशे होतं.

“माह्या थोरलीच्या टायमाला सिस्टरबाई घडीघडी यायच्या,” ती बाई मला म्हणाली. “तोलायच्या, दूध कसं पाजाचं ते दाखवायच्या. ह्या बारीला यादीत नाव न्हाई म्हंते. काहून न्हाई, म्याडम?”

सिस्टर माझ्याकडं बघत होती. लेकरू रडतही नव्हतं, तेवढा जोर नव्हता त्याच्यात.

“तुमचं लेकरू चांगलं आहे म्हणून,” मी म्हणाले.

ती बाई खूश झाली. तिनं आम्हाला चहा केला.